कोणतंही क्षेत्र

परीक्षकबाई : प्रबंध जाडजूड आहे हो. उशाला घेऊन झोपता येईल. पण मुख्य प्रमेय वाचलं आणि झोपच उडाली.

मार्गदर्शक : काय खटकलं?

परीक्षकबाई : तुमची विद्यार्थिनी म्हणते, संख्यांचं कोणतंही क्षेत्र घ्या, दोन वर्गरूपं मुळात एकच आहेत का, म्हणजे चलं बदलून एकाचं दुसरं होतं का, हे दोन खुणांवरून कळतं. चलं किती आणि विवेचक काय. संपलं! तिसरी खूण शोधणारे सगळे वेडेच.

मार्गदर्शक : संगणकावर तपासलंय.

परीक्षकबाई : कुठल्या क्षेत्रांत?

मार्गदर्शक : सांत.

परीक्षकबाई : म्हणजे मोजक्या संख्यांच्या. डबक्यात पाय बुडवला आणि समुद्र उथळ म्हणून सांगत सुटलात. ऊठ गं मुली. फळ्यावर लिही, क्ष वर्ग अधिक य वर्ग. शेजारी तेच, दोन्ही पदं उणे. साध्या वास्तव संख्या घे. चलं?

उमेदवार : दोन्हीकडे दोन.

परीक्षकबाई : विवेचक?

उमेदवार : सहगुणकांचा गुणाकार. एक गुणिले एक, एक. उणे एक गुणिले उणे एक, तोही एकच.

परीक्षकबाई : खुणा जुळल्या. मग रूपं एकच?

उमेदवार : नाही. पहिलं कधी शून्याखाली जात नाही, दुसरं कधी शून्याच्या वर येत नाही. चलं कशीही बदला.

परीक्षकबाई : शाळेतलं पोर सांगेल हे! दोघांनी मिळून इतकी वर्षं केलंत काय?

मार्गदर्शक : चूक तिची. नोकरी लागलीय, पदवीची घाई. सांगून सांगून थकलो.

उमेदवार : सर, मी ‘सांत क्षेत्र’ लिहिलं होतं. तुम्ही ‘कोणतंही’ केलंत. म्हणालात, एवढ्याशा निकालाला कुत्रं विचारत नाही.

मार्गदर्शक : तोंड सांभाळ! तुझी लायकी काय होती इथे आलीस तेव्हा?

परीक्षकबाई : तुमची भांडणं घरी. चूक तिची असेल, तर दुरुस्ती करून पदवी घेईल. तुमची असेल, तर मला वर कळवावं लागेल. प्रबंध वर्षभर अडकेल.

मार्गदर्शक : ऐकलंस? ‘चूक माझी’, दोन शब्द बोल आणि नोकरीवर जा.

(उमेदवार खडू मार्गदर्शकांपुढे धरते.)

उमेदवार : बोलते. आधी तुम्ही या दोन रूपांच्या मध्ये बरोबरचं चिन्ह काढा.

परीक्षकबाई : काढा की.

मार्गदर्शक : फळा पूस.

परीक्षकबाई : वर्ष जाईल तुझं, बाळ.

उमेदवार : माहीत आहे. फळा राहू द्या.