समासातलं मराठी

—म्हणून म्हणते, थांबा की थोडं, पद्मजाताई, हे येतीलच, नीलाचं औषध आणायला गेलेत. लॅबमध्ये रोज आठ तास ह्यांच्यासमोर बसता, माझ्यासमोर दहा मिनिटं बसलात तर काय बिघडलं? चहा ठेवलाय. तुमचे कागद कुठे पळून जात नाहीत, हे काय, दिल्लीला न्यायचे म्हणून ह्यांनी दोऱ्यानं बांधून ठेवलेत — उद्या सकाळी सहाची बस ना? दोघांची. हो, ठाऊक आहे. सीटही शेजारी असेल. नाही, सहज विचारलं.

मला काही कळत नाही असं समजू नका हं. ह्यांनी सांगितलंय सगळं — प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा, त्याला चालवणारी आतली ती ऑपरेटिंग सिस्टिम, तीही वेगळी, म्हणून एकावर लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नाही. तर सगळ्यांनी मिळून एकच नियम करायचा, आणि आधी कशाला हात घालायचा ते ठरवायची ही पहिली मीटिंग. बरोबर? मी विचारलं, म्हणजे कसं हो? तर म्हणाले, गॅसचा रेग्युलेटर कसा, कुठलाही सिलिंडर आला तरी बसतो, तसं. इतकं बरं वाटलं मला — बायको सातवी शिकलेली, तिला कळावं म्हणून माणसानं स्वयंपाकघरातलं शोधून काढलं. चार दिवस सिलिंडरकडे बघून हसत होते, वेडीच मी. मग नीलानं कागदांवर दूध सांडलं, ते पुसताना बारावं पान दिसलं. इंग्रजी मला येत नाही, पण समासात पेन्सिलीनं मराठी. तुमचं अक्षर — ‘इथे गॅसच्या रेग्युलेटरचं उदाहरण द्या.’ खाली ह्यांचं — ‘वा.’ एवढंच. वा.

लॅबच्या मोठ्या शर्मासाहेबांच्या चुका काढता, त्या त्यांना कळू नयेत म्हणून मराठीत लिहिता, माहीत आहे. पण मला कळतं ना मराठी. ‘आज डबा नाही आणलात?’ ‘डोळे लाल दिसतात, झोपा जरा.’ — रात्रभर पोर मी कडेवर घेऊन फिरते, अन् डोळे ह्यांचे लाल. जाऊ दे. ह्यात वाईट काही नाही, मीही तेच म्हणते. वाईट असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

आणि बसची मला भीती वाटते, खरंच. मागे इथं पंजाबात बस अडवून, माणसं उतरवून गोळ्या घातल्या की नाही? खालच्या बीजी, सरदारीण बाई, त्या स्वतः म्हणाल्या, पुत्तर, इन दिनों मत भेज. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, पद्मजा नाही भीत. तुम्ही कशाला भ्याल, तुमच्या कडेवर कोण आहे? — रागावू नका. आणि असं काय अडलंय तुमच्यावाचून, ते लोक तर सकाळपासून बसलेत तिथं ठरवत —

साखर किती घालू?

सकाळपासून? छे, उद्या. उद्या बसतील म्हणाले मी... अशा बघू नका हो. काल फोन आला होता, बीजींकडे. बंदमुळे लॅबमध्ये कुणी उचलेना म्हणून इथं केला म्हणे. मीटिंग एक दिवस अलीकडे, म्हणजे आजच घेतली, ह्यांना लगेच निघायला सांगा, म्हणाले. मी हो म्हटलं. जिना चढेपर्यंत सांगणारच होते, नीलाची शपथ. वर आले तर हे तुमचं पान हातात धरून एकटेच हसत होते. मग नाही सांगितलं.

तीन महिने राबलात, हो. दोघं. बसमध्ये ह्यांना काही होऊ नये एवढंच मनात होतं — नाही, एवढंच नव्हतं. आणि तुमचा तर विचारच केला नाही, खरं सांगते.

काय म्हणालात? फोन तुम्हालाच आला होता, तुम्हीच विसरलात, असं सांगाल ह्यांना? माझ्यासाठी? — नको. नको, ताई. चूक माझी आहे, ती तरी माझ्याकडे राहू द्या. जिन्यावर पाऊल वाजतंय. चपला घाला. जा तुम्ही.