मे महिन्यातली तपासणी

(सीवूड्सजवळची एक छोटी प्रयोगशाळा. जनावरांची डॉक्टर अस्मिता सूक्ष्मदर्शकावर वाकलेली. समोर करावे गावातले उंटवाले बदरुद्दीन आणि त्यांची बायको रशिदा, त्यांच्या शहजादा नावाच्या उंटाच्या तपासणीसाठी आलेले.)

बदरुद्दीन : नाय ना काय दिसत? मी बोललोच होतो. म्हातारा झाला आता शहजादा.

अस्मिता : चाचा, अजून फोकस पण नाही केलं. जरा एका जागी थांबा, टेबल हलतंय.

रशिदा : सकालपासून ह्याच फेऱ्या चालल्यात. नाश्त्याला हात नाय लावला.

बदरुद्दीन : उकडतंय म्हनून. बेटा, नसलं बीज तर सरल नाय म्हनून टाक. मग त्याचं ऑपरेशन कर, थंड होईल, राहील आमच्या दारात.

रशिदा : आनि असलं तर कच्छला, माद्यांच्या कलपात. माजात तो चावला, माझ्या खांद्याला टाके पडले, तेव्हा तुमीच कबूल केलंय. बीज हाय त्या जनावराला कापायचं नाय, बोललात.

बदरुद्दीन : फिरतोय का मी शब्दावरून?

अस्मिता : दिसलं. या चाचा, बघा.

बदरुद्दीन : मी नाय. हिला दाखव.

रशिदा : सरका. गुलाबी गोल गोल हायेत. काय हाय हे?

अस्मिता : त्या नळ्या, आडव्या कापलेल्या. त्याच्या वृषणातून सुईनं बारीक तुकडा काढला होता ना, तो मेणात बसवून, काप काढून रंगवलाय. नळीच्या भिंतीला कच्च्या पेशी असतात, आत सरकत सरकत पिकतात. आता मधल्या पोकळीत बघा, चाची. शेपट्या दिसतायत?

रशिदा : हां. केसासारख्या. पुष्कल हायेत.

अस्मिता : ते शुक्राणू. पूर्ण तयार.

बदरुद्दीन : असं कसं? मे महिना हाय. उंट थंडीत माजावर येतो, उन्हाल्यात सगलं सुकतं. मी रोज बघतो ना. फेस नाय, गुरगुर नाय, शेलीसारखा पडलेला असतो.

अस्मिता : माज उतरतो, चाचा. नळ्यांच्या मधे दुसऱ्या पेशी असतात, त्या थंडीत जोर करतात, मग तो पिसाळतो. बीज मात्र बारा महिने बनतं. उन्हाळ्यात कमी, पण बंद नाही. माझी पीएचडीच ह्याच्यावर आहे.

रशिदा : थांब जरा. ही तर जानेवारीतच सुई घेऊन येनार होती. तुमी नको बोललात. मे मधे बघू, बोललात.

बदरुद्दीन : बोललो असेन.

रशिदा : रिकामं निघावं म्हनून मे धरलात?

बदरुद्दीन : धरला. काय करू मग? एवढासा होता, बाटलीनं दूध पाजलंय त्याला. बेटा, तू नाय म्हनून लिही ना. कोनाला कलनार हाय?

अस्मिता : तसं लिहिलं तर त्याला कापायचं मलाच आहे. हे बघितल्यावर माझा हात नाही चालणार.

बदरुद्दीन : माझ्याकडं बघ तरी.

अस्मिता : बघतेय चाचा. वाईट वाटतंय. तरी नाही.

रशिदा : तिच्या मागं नका लागू. चावला मला, तरी मी बोलत नाय कापा. जन्मभर दुसऱ्यांच्या वरातीत नाचवलात त्याला. एक मादी नाय बघितली बिचाऱ्यानं. आनि जवल ठेवायला त्याचंच कापनार?

बदरुद्दीन : मला करमनार नाय, रशिदा.

रशिदा : मला तरी कुठं करमनार हाय? लावू त्या कच्छवाल्याला फोन?

बदरुद्दीन : लाव.

रशिदा : काय सांगू?

बदरुद्दीन : हाय म्हनून सांग. आनि बोल, नुसती दोरी ओढू नको. 'बस रे बाबा' बोललं तरच तो गुडघे टेकतो. दुसरी भाषा त्याला येत नाय.