रकाना क्रमांक अकरा

विषय : महाविद्यालयाच्या वसतिगृह-अर्जातील रकाना क्रमांक अकरा, 'स्थानिक पालकाशी नाते', तीनदा परत आल्याबाबत.

संदर्भ : खिडकी क्रमांक चारवरच्या बाईंचं तोंडी म्हणणं, 'काका, हे बसत नाही.'

आता बसत नाही म्हणजे काय, तुम्हीच सांगा. चौतीस वर्षं मी आवक-जावकच्या टेबलावर काढली, लोकांचे अर्ज परत करण्यात हयात गेली, अमुक जोडलेलं नाही, तमुक रकाना कोरा आहे, सही चौकटीबाहेर गेली, आणि समोरचा माणूस डोळे पुसत उभा राहिला तरी मी पेनाचं टोपण लावत म्हणायचो, नियम आहे, मी काय करणार... तोच मी आता खिडकीच्या उलट्या बाजूला उभा आहे आणि गंमत म्हणजे बाईंचं म्हणणं मला पटतंय. मी असतो तर पहिल्याच दिवशी परत केला असता.

पण मुळापासून सांगतो. आमचे चिरंजीव संसार अर्ध्यावर टाकून गेले. कुठे, कोणाबरोबर, ते विचारू नका, मलाही पत्राची प्रत आलेली नाही. सून आपली बॅग घेऊन मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. तिला वडील नाहीत, आई भावाकडे, तो दोन दिवसांच्या प्रवासावर. सून इथे चष्म्याच्या दुकानात काम करायची. दोन आठवड्यांनी राहिलेली पुस्तकं न्यायला आली, त्यात एक जाडजूड, प्रवेशपरीक्षेच्या अंकगणिताचं. दारातच ते उघडून म्हणाली, "बाबा, हे एवढं एक सांगता का, मग जाते."

ते एवढं एक, तुम्हाला सांगतो, अकरा महिने चाललं.

दुकान दुपारी दोन ते चार बंद असायचं, त्या वेळात ती यायची. काळ-काम-वेगापासून सुरुवात केली. अ एक काम वीस दिवसांत करतो, ब तेच काम तीस दिवसांत करतो, दोघांनी मिळून सुरुवात केली, सहा दिवसांनी ब काम सोडून गेला, तर उरलेलं काम अ किती दिवसांत पुरं करेल? आता मी पडलो कारकून. म्हटलं, थांब, ब गेला म्हणजे कसा गेला? रजेचा अर्ज दिला होता? मंजूर कोणी केला? कार्यभार कोणाकडे सोपवला? ती म्हणाली, "बाबा, दहा दिवस." म्हटलं, कसले दहा दिवस? "उत्तर. दोघांचं मिळून निम्मं झालं, उरलेलं निम्मं एकटा अ करणार." आणि वहीकडे बघत बसली. मीही वहीकडेच बघत बसलो. कारण ब का गेला, हे पुस्तकात देत नाहीत.

आमची पद्धत सरकारी. प्रत्येक गणिताला वर विषय, खाली दिलेली माहिती, मग मागितलेली माहिती, मग अभिप्राय, मग उत्तर आणि खाली तिची आद्याक्षरं. ती म्हणायची, "बाबा, परीक्षेत एका गणिताला बहात्तर सेकंद मिळतात." बहात्तर सेकंदांत आमच्याकडे टाचणी सापडत नसे! शेवटी आमच्या हिला घड्याळ देऊन बसवलं. ही दाराशी मटार सोलत बसायची आणि ऐन रंगात ओरडायची, "झाले बहात्तर." म्हटलं, अगं, आत्ताशी विषय लिहून होतोय. "मग विषय नका लिहू. सगळ्या घराला माहीत आहे विषय काय आहे तो."

एकदा ती गेल्यावर टरफलं गोळा करता करता ही म्हणाली, "शिकवताय ते बरंय. पण ती पास झाली की दोन वाजता दार उघडणार नाही, एवढं गणित आलंय ना तुम्हाला?" म्हटलं, आलंय. "मग हळू शिकवा की." एवढं बोलून स्वतःच उठली आणि घड्याळाला किल्ली दिली.

मग चिरंजीवांचा फोन. "बाबा, ती अजून येते म्हणे आपल्याकडे?" म्हटलं, येते. "कशाला?" गणितं सोडवायला. "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे आहात?" म्हटलं, मी काळ-काम-वेगाच्या बाजूचा. "विनोद पुरे. तुम्ही बाबा कोणाचे आहात, तिचे की माझे?" चार पर्याय दिले असते तर एखादा तरी खोडता आला असता. तो आपला बोलत राहिला, घुसमट होत होती, स्वभाव जुळत नव्हते, सगळं बोलला, पण ब का गेला ते काही मला समजलं नाही. पुस्तकात देत नाहीत, आणि ब स्वतःही धड देत नाही.

कोर्टाचा कागद आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन वाजता बेल वाजली. बेल! तिच्याकडे आमच्या घराची किल्ली होती, सहा वर्षं ती किल्लीने दार उघडून आत यायची, चप्पल काढता काढताच "आई, पाणी ठेवू का चहाला" विचारायची. दार उघडलं तर बाहेर उभी, पाहुण्यासारखी. आत येऊन किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आता तुम्हाला काय म्हणू? काका म्हणू?"

मी म्हटलं, पान एकशे बारा काढ. नळ आणि टाकी.

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी तिने वीसच्या वीस गणितं प्रत्येकी बहात्तर सेकंदांच्या आत सोडवली, आणि मला एकही तपासता आलं नाही. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. चष्म्याच्या दुकानातली पोर, ती म्हणाली, "काचेत दोष नाहीये, बाबा." बाबाच म्हणाली. ही आतून म्हणाली, "झाले बहात्तर," पण तेव्हा कोणी काही सोडवत नव्हतं.

असो. परीक्षा झाली, पास झाली, चांगल्या क्रमांकाने झाली. अभ्यासक्रम निवासी, गावातच, पण वसतिगृहात राहायची सक्ती. आणि तिथला नियम असा, की रविवारी भेटायला फक्त नोंदलेला स्थानिक पालक येऊ शकतो, दुसरा कोणीही नाही. तिने अर्ज माझ्यापुढे ठेवला, म्हणाली, "अकरा नंबर तुम्ही भरा. तुमचं अक्षर चांगलंय."

मी लिहिलं, 'सासरे'. खिडकी चारच्या बाईंनी कागद उलटसुलट केला. "काका, मुलगी घटस्फोटित आहे, कागद जोडलाय. मग सासरे आले कुठून?" बरोबर आहे. दुसऱ्यांदा लिहिलं, 'माजी सासरे'. "यादीत माजी काही नसतं, काका. माजी असतात ते मंत्री." हेही बरोबर. तिसऱ्यांदा रात्रभर विचार करून लिहिलं, 'वडिलांसारखे'. बाईंनी या वेळी कागद उलटवला नाही, सरळ खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "काका, सारखे चालत नाही. असाल तर 'आहे' लिहा, नसाल तर 'नाही'."

चौतीस वर्षांत इतका नेमका शेरा मला मारता आला नव्हता.

मग मी अर्ध्या पानाची टिपणी जोडली. विषय, दिलेली माहिती, मागितलेली माहिती. अकरा महिने, दोन ते चार, एक हजार सातशे गणितं, वह्या नऊ, सर्व गणितांखाली अर्जदाराची आद्याक्षरं. ब काम सोडून गेल्याचं नमूद केलं. का गेला, तिथे 'माहिती उपलब्ध नाही' लिहिलं. अभिप्राय मात्र कोरा सोडला... तो वरिष्ठांनी द्यायचा असतो. बाईंनी सगळं वाचलं, टाचणी लावली आणि म्हणाल्या, "साहेबांकडे पाठवते."

सद्यस्थिती अशी. साहेब रजेवर होते, परवा आले, 'बघतो' म्हणाले. तिला खाट मिळाली आहे, तात्पुरती. रविवारच्या भेटीच्या यादीत तिच्या नावापुढे कोणी नाही. मी दर मंगळवारी चौकशीला जातो, बाई आता बसायला खुर्ची देतात. रकाना अकरामध्ये साहेबांनी पेन्सिलीने लिहिलंय, 'नाते : विचाराधीन'.

अर्ज प्रलंबित आहे.