खुर्चीचे हात

पहिली नोकरी कशी लागली असं तुम्ही विचारता, पण त्या मुलाखतीला मी रक्ताळलेल्या कोपराने बसलो होतो, हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

पुण्यात तेव्हा सॉफ्टवेअर कंपन्या नुकत्या वाढत होत्या. मला बोलावलं होतं त्या इमारतीला चार पायऱ्या होत्या आणि व्हीलचेअरसाठी उतार नव्हता. दोन उत्साही कर्मचारी धावत आले आणि दोन्ही बाजूंनी त्यांनी माझ्या खुर्चीचे हात धरले.

"अहो, तिथं धरू नका, ते निघतात," असं मी म्हणेपर्यंत एक हात निखळून त्यातल्या एकाच्या मुठीत राहिला. खुर्ची कलंडली आणि मी पायरीवर आपटलो.

"घरी जाता का? मुलाखत पुढं ढकलू," तो पांढराफटक पडून म्हणाला.

"नको. आधी ब्रेक लावा आणि मला बसवा. मग ब्रेक काढून खुर्ची पाठमोरी करा. एकाने मागच्या मुठी धरा, दुसऱ्याने पुढची चौकट. एकेक पायरी चढा."

वर मॅनेजरबाईंनी माझी बाही पाहिली. "हे काय झालं?"

मी सगळं सांगितलं. राग खूप आला होता, पण आवाज चढू दिला नाही. मग त्यांनी कामाचे प्रश्न विचारले, चांगले कठीण.

निघताना त्या स्वतः माझ्याबरोबर दारापर्यंत आल्या. पायऱ्यांशी थांबून त्यांनी पदर खोचला आणि विचारलं, "कुठं धरायचं?"