गोळीचा निम्मा हिस्सा

— बसा की मावशी, सरकते मी, पिशवी मांडीवर घेते. आमचा नंबर गेला आत. म्हंजी माझा नाय, चतुराचा — माझी धाकटी जाऊ. मी आपली सोबतीला आलेली. दगडाबाई म्हणत्यात मला. गंगापूरकडून आलो, जीपनं. तुमचं कोण हाय? ल्योक? आसू द्या, फिकीर नका करू, इथला डाक्टर लई चांगला. पोरगाच हाय, पण खुर्ची पुढं ओढून बसतो आन् विचारतो — चतुराबाई, झोप लागती का? चतुराबाई, मनात काय येतं? पैसा ना अडका, आन् इतकं गोड बोलणं! मी भिंतीला उभी. माझ्याकडं बघून एकदा बोलला तो, नाय असं नाय — काय म्हणला? बाई, तेवढं दार लावा.

व्हय, आदी खासगीत नेली व्हती. गारखेड्याला. तिथं मॅडम व्हत्या, गार हवेची खोली, घटकाभर बोलल्या हिच्याशी. पण एका फेरीतच सगळा कापसाचा पैसा गेला, दुसरी फेरी करावी कशी? मंग खुलताबादला नेली, दर्ग्यावर, ताईत आणला. एक नाय, दोन. कामून म्हंजी? आमच्या सासूचा कायदाच हाय तसा. घरात जे येईल ते दोघी जावांत निम्मं निम्मं. लुगडी आणली तर जोडीनं, बांगड्या भरल्या तर दोघींना, खरबूज कापलं तरी सासू फोडीला फोड लावून बघती. मला काय झालं नव्हतं, तरी ताईत बांधला मी. हा बगा, दंडाला. आन् मंग ह्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या आल्या — त्या मातर एकटीच्याच!

झालं काय तिला? बाळ गेलं, जन्मताच. वाईटच झालं, मी नाय म्हणत नाय. तवापासून भिंतीकडं तोंड करून बसती. सांडू, तिचा नवरा, घास भरवतो तिला — गडीमाणूस, मावशी, सगळ्यांदेखत! सासू डोकं चोळून देती. शेजारणी येत्यात, चतुरा जेवली का, चतुरा बोलली का. आन् सैपाक कोण करतं? धारा कोण काढतं? मीच की. जळतं माझं, खोटं कशाला बोलू. माझी पोर सगुणा गेली तवा चालती-बोलती व्हती, उंबऱ्यात बसून गाणं म्हणायची. ताप आला आन् गेली. तुरीची रास चालली व्हती. दहावा व्हायच्या आत मजुरांच्या भाकरी थापल्या मी. कुणी चोळलं डोकं? कुणी म्हणलं, दगडा, जेवलीस का? तवापासून डोळ्याला डोळा नाय माझा. पण रांधणारीला झोप नाय, ह्याला कोण आजार म्हणतं?

तर गोळ्या. सासूनं माझ्या ताब्यात दिल्या, ही इसरंल म्हणून. आता तुमीच सांगा, घरात आलेल्या चीजंत हिस्सा नको? सुपारीचा अडकित्ता घ्यायचा, बराबर मधून तोडायची. निम्मी तिला, निम्मी मला. — अशा बगता काय? जास्तीची घेतली नाय कंदी, भुगा झाला तरी भुग्याचे दोन भाग केले मी. आन् मावशी, झोप लागली मला! कोंबडा आरवला ते बी कळलं नाय. चतुरा बघायची, बोलायची नाय. परवा अडकित्ता घावंना, तर तिनंच उठून आणून दिला माझ्या हातात. आजारी म्हणत्यात, आन् हे बरं कळतं!

आज तर लईच बिघडलंय तिचं. सकाळी मी नळावर बाटली भरायला गेले, येऊन बघते तर ही केसपेपरच्या खिडकीपाशी उभी! हिचा पेपर तर माझ्या पिशवीत. दंडाला धरून आणली, तर हसली उलट. शानं माणूस करंल का असं? मागल्या खेपंलाच डाक्टर कागदात बघत म्हणला, गुण कामून येईना, गोळी रोज देता ना? म्हणलं, रोज देते. खोटं काय त्यात? रोजच देते की. तर म्हणला, आता फरक पडला नाय तर भरती करून घेऊ.

— काय म्हणता? अर्धीनं कसा गुण येईल?

म्हंजी — आवो, पण मला तर आला ना — नाय, तसं नसंल. म्हंजी तिचं माझ्यामुळं — नाय, भरती कशी करतील? एकटी कशी ऱ्हाईल ती? तिला माझ्या हातची पातळ भाकरी लागती, दुसऱ्या कुणाची तोंडात घेत नाय. सांडू भरवतो खरं, पण भाकरी माझीच आसती, मावशी. माझीच.

— कुणाला वरडायली सिस्टर? दगडाबाई? नाय वो सिस्टर, पेशंट चतुराबाई हाय, ती गेलीय आत. मी सोबतीची — माझा? माझा कुठला केसपेपर? मी काढलाच नाय —

आगं माय. मावशी, ती बगा दारात. चतुरा. हात करून बलावती. खिडकीपाशी उभी व्हती ती — काय म्हणायली? बोलायली का ती? ऐकलं का तुमी? "आक्का, या की. तुमचा हिस्सा."

पिशवी धरा जरा. नाय, रडत नाय मी, पदर सरळ करते. पण मावशी, आत गेल्यावर काय सांगायचं आसतं? इतका वेळ तोंड चालू व्हतं माझं, आन् आता — आवाज आला का वो? खुर्ची पुढं ओढली त्यानं —