आप्पांना मान्य नसलेली हद्द

सीमाप्रश्न मला शिकवू नका, मी तो हातानं ढकललाय. निपाणीत बॅटरीची गाडी भाड्यानं घेतली आणि आमच्या वडिलांना, आप्पांना, मागं बसवून रानातनं फिरायला निघालतो. ओढ्याच्या पुलावर गाडी गप्प झाली. मोबाईलवर गाडीवाल्या कंपनीचा मेसेज आला, ‘कर्नाटकाची हद्द संपली. गाडी पुढे चालणार नाही.’ पलीकडं चहाची टपरी दिसत होती.

‘आप्पा, उतरा. चालत जाऊया.’

‘का रं?’

‘हद्द संपली म्हणं.’

आप्पांनी तरुणपणी सीमाप्रश्नासाठी लाठ्या खाल्ल्यात. म्हणाले, ‘ही हद्द मला मान्य न्हाय. उतरलो तर मान्य केल्यासारखं हुतंय. ढकल.’

ढकलली की! टपरीवाल्यानं विचारलं, ‘आजोबांचा पाय मोडलाय व्हय?’

‘पाय लई चांगला हाय,’ आप्पा गाडीवरनंच म्हणाले. ‘चहा हितं आण.’

चहा झाल्यावर त्यांना तसंच ढकलत परत आणलं. पूल ओलांडून बटण दाबलं, तर गाडी चालू!

आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ‘बघितलंस? शेवटी तिनंच माघार घेतली का न्हाय?’