पर्यायी उमेदवार

नणंद: टेबल हलवू नकोस. स्क्रू केवढासा आहे बघ, जमिनीवर पडला तर शोधण्यात दिवस जाईल.

भावजय: दिवस कुठे आहे, ताई? तीन वाजता अर्ज मागे घ्यायची मुदत संपते.

नणंद: मला सांगतेस? त्या कचेरीतल्या खुर्च्यासुद्धा मला नावानं ओळखतात. चष्मा मोडायलाही तुला नेमका आजचा दिवस सापडला.

भावजय: सकाळच्या प्रचारफेरीत कुणाचं तरी कोपर लागलं. गर्दी होती.

नणंद: असेल. माझ्या चष्म्याला एवढ्या वर्षांत कधी कुणाचं कोपर लागलं नाही. सभा संपल्यावर खुर्च्या गोळा करणाऱ्या बाईला धक्का द्यायला कोण थांबतंय?

भावजय: ताई, चष्म्याशिवाय मला तुमचा चेहरा दिसत नाहीये. नुसता आवाज ऐकू येतोय. आणि आवाज काही बरा वाटत नाही.

नणंद: पेशंटलाही असंच सांगतेस का तोंडावर?

भावजय: पेशंट उशिरा का होईना, खरं सांगतात. तुम्ही अर्ज मागे घेणार आहात ना?

नणंद: हे विचारायला आलीस, की चष्म्यासाठी?

भावजय: चष्मा कुठल्याही दुकानात नीट झाला असता.

नणंद: चला, आज पहिल्यांदाच पाठ न केलेलं वाक्य ऐकलं तुझ्या तोंडून.

भावजय: आपलं ठरलं होतं हे. छाननीत माझ्या अर्जात काही खोट निघाली तर पक्षाच्या हातात दुसरं माणूस असावं, म्हणून तुम्ही पर्यायी अर्ज भरलात. माझा मंजूर झाला. दहा सूचकांच्या सह्या होत्या म्हणून तुमचाही टिकला. आता तुम्ही मागे घेतला नाहीत, तर विधानसभेच्या एकाच जागेसाठी एकाच घरातून आपण दोघी उभ्या. मी पक्षाची, तुम्ही अपक्ष.

नणंद: याआधीच्या तीन निवडणुकांत मी असाच अर्ज भरला आणि तिन्ही वेळा मुकाट मागे घेतला. मी पक्षाची स्टेपनी, डॉक्टरीणबाई. गाडी पळत असते तोवर स्टेपनीत हवा आहे की नाही, हे कुणी बघतसुद्धा नाही.

भावजय: त्या तिन्ही वेळा तुम्ही हसत घरी आला होता. मी पाहिलंय.

नणंद: तेव्हा पुढे परके लोक होते. परक्यापुढे हसता येतं. मान वर कर, नाकपट्टी बसवू दे. टोचतेय का?

भावजय: थोडी.

नणंद: टोचू दे जरा. काल कोपऱ्यावरच्या सभेत तू माइक असा धरला होतास, जसा थर्मामीटर धरतात. मी खालून हातानं खुणा करत होते, जवळ घे, जवळ घे. तुझं लक्ष नाही. आणि माझ्या शेजारी तो रिक्षा संघटनेचा अध्यक्ष. त्याला बोलायला मी शिकवलं. पहिल्या भाषणाच्या वेळी त्याचे पाय लटपटत होते, तर व्यासपीठामागे त्याचा हात धरून मी उभी होते. तो काल मला काय म्हणाला, ठाऊक आहे?

भावजय: काय?

नणंद: म्हणाला, "ताई, मॅडमसाठी पाण्याच्या बाटल्या आल्या का?"

भावजय: त्यानं सहज विचारलं असेल.

नणंद: सहजच विचारलं. म्हणून तर झोप लागली नाही. मुद्दाम विचारलं असतं तर तिथेच त्याची हजामत केली असती. तू मॅडम झालीस महिन्याभरात. मी वीस वर्षं ताई. तुला बघून लोक उठून उभे राहतात. मला बघून त्यांना कामं आठवतात.

भावजय: उमेदवारी मी मागायला गेले नव्हते.

नणंद: नव्हतीस. घरी चालत आली तुझ्याकडे. मी मागत होते तेव्हा तिला माझ्या घराचा पत्ता मिळत नव्हता.

भाऊ: ताई! अगं, गाडी बाहेर चालूच ठेवली आहे मी. पेट्रोल जळतंय नुसतं. झाली का दुरुस्ती? निघायचं का?

नणंद: ये. तुझीच कमी होती.

भाऊ: पक्षाच्या जिल्हाध्यक्षांचा दोनदा फोन आला. मी सांगितलं, ताई निघालीच आहे म्हणून.

नणंद: माझ्या वतीनं तू बोलतोस, तिच्या वतीनंही तूच बोलतोस. तुलाच तिकीट द्यायला हवं होतं.

भाऊ: मला? माझं मत तरी मला मिळेल का, याची खात्री नाही. बायकोनं विचारलं तर बायकोला, बहिणीनं विचारलं तर बहिणीला. असा माणूस विधानसभेत बसला तर दोन्ही बाकांवर झोपेल.

नणंद: हसवू नकोस. हातात पेचकस आहे. आलाच आहेस तर एक सांग. पक्षाचे निरीक्षक घरी आले, त्या दिवशी माझा फोन लागला नाही, असं तू मला सांगितलंस.

भाऊ: हो. म्हणजे, लागत नव्हता.

नणंद: मी बूथप्रमुखाच्या आईला स्मशानात पोहोचवायला गेले होते. त्या अख्ख्या दुपारी फोन माझ्या हातात होता. कुणाला चारचाकी हवी होती, कुणाला डॉक्टरचा दाखला हवा होता. आणि त्याच दुपारी एक फोन तुझाही आला, राजा. पाण्याची मोटर बंद केली होतीस का, असं विचारायला.

भाऊ: तो नंतर.

नणंद: नंतर म्हणजे कधी?

भाऊ: म्हणजे... ते गेल्यानंतर.

नणंद: ते माझ्यासाठी आले होते. तासभर बसले. मोटरसाठी फोन लागतो आणि आमदारकीसाठी लागत नाही?

भावजय: त्याला सोडा, ताई. त्याला काही माहीत नव्हतं, फोन लागत नाही असं मीच त्याला सांगितलं. तो फोन मी करायचा होता. (नवऱ्याला) तू गाडीत बस. इंजिन बंद कर.

भाऊ: अगं, पण वेळ...

भावजय: बस म्हटलं ना. मी बोलावते.

नणंद: जा बाबा. मोटर बंद आहे, काळजी करू नकोस.

*(भाऊ बाहेर जातो. दुकानाचं काचेचं दार मागे आपोआप लागतं.)*

भावजय: फोन माझ्या हातात होता. तुमचा नंबर काढून ठेवला होता, नुसतं बोट लावायचं बाकी होतं. निरीक्षक तिघे होते. चहा झाला, तुमची वाट बघणं चाललं होतं. त्यातला एक कौतुकानं म्हणाला, "या घरात ताईंशिवाय पान हलत नाही म्हणे." मी फोन टेबलावर पालथा ठेवला. मग त्यांना म्हणाले, ताईंना यायला रात्र होईल, तुम्हाला काय विचारायचं ते मला विचारा.

नणंद: आणि त्यांनी विचारलं.

भावजय: विचारलं. मी चांगली उत्तरं दिली. अर्धी तुमचीच होती. रोज जेवताना ऐकते ना मी.

नणंद: का पण? तुला कधी राजकारणाची आवड नव्हती. मी टीव्हीवर बातम्या लावल्या की तू उठून जायचीस.

भावजय: आवड अजूनही नाही.

नणंद: मग? लोकांची सेवा वगैरे? ते पत्रकात छापलंय, मला माहीत आहे. मीच लिहिलंय ते.

भावजय: ते वाक्य चांगलं आहे, पण माझं नाही. ताई, दवाखान्याच्या पाटीवर माझं नाव आहे. पंधरा वर्षं आहे. तरी पत्ता सांगताना लोक म्हणतात, ताईंच्या भावजयीचा दवाखाना. पेशंट तपासायच्या टेबलावर झोपलेली असते आणि मला विचारते, ताई बऱ्या आहेत ना?

नणंद: लोक बोलतात तसं. त्यात काय एवढं?

भावजय: तुम्हीही आत्ता पाण्याच्या बाटल्यांबद्दल बोललात. त्यात काय एवढं, असं मी म्हटलं का?

नणंद: बरं, बोल.

भावजय: दिवसभर मी परक्या मुलींना सांगत असते, घाबरू नकोस, पहिल्यांदा आईला सांग. आणि माझ्याच मुलीला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा ती जिना चढून तुमच्या खोलीत गेली. मला तिसऱ्या दिवशी कळलं. तेही तिनं सांगितलं नाही. दोरीवरच्या कपड्यांवरून कळलं.

नणंद: तू त्या दिवशी ऑपरेशनला होतीस.

भावजय: पहिल्या दिवशी होते. दुसऱ्या दिवशी रात्री तिच्या शेजारी बसून जेवत होते. तुम्ही दोघी एकमेकींकडे बघून गालात हसत होता. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलंय, म्हणून मी कढईतली भाजी चाखून बघितली.

नणंद: मी तिला म्हटलं होतं गं, आईला सांग म्हणून. ती म्हणाली, सांगते.

भावजय: तुम्ही म्हणाला असाल. तुमचं काही चुकलेलं नाही, त्याचाच तर राग येतो. सासूबाईंनी शेवटच्या दिवसांत हाक मारली ती तुम्हाला. नवऱ्याला कपाटाची चावी सापडेना की तो मला विचारत नाही, जिन्यात उभा राहून ताई ताई ओरडतो. मी त्या घरात सून आहे, डॉक्टर आहे, दोन मुलांची आई आहे. आणि तरी पाहुण्यासारखी राहते.

नणंद: मी काय आहे त्या घरात? लग्न नाही, डिग्री नाही. भावाच्या घरातली वरची खोली आणि हे चष्म्याचं दुकान. माझ्यात हेवा करण्यासारखं आहे तरी काय?

भावजय: तेच तर. काही नसताना सगळं तुमचंच आहे.

नणंद: पुन्हा म्हण.

भावजय: कशाला?

नणंद: म्हण ना. बरं वाटतंय. लाज वाटतेय, पण बरं वाटतंय.

भावजय: मला आमदार व्हायचं नव्हतं, ताई. एकदा तरी असं काहीतरी मिळावं, जे तुमचं होतं आणि आता माझं आहे, एवढंच होतं मनात. घ्या, झालं सांगून. आता चला. कचेरी बंद होईल.

नणंद: मी येत नाही.

भावजय: एवढं सगळं ऐकूनही?

नणंद: ऐकलं म्हणूनच. मगाशी तू सेवेचं नाव घेतलं असतंस, तर तोंड वाकडं करून का होईना, गाडीत बसले असते. सेवेसाठी सोडून देण्याची मला सवय आहे. रात्रभर जागी होते ते तुला रडवायचं म्हणून. अर्ज शेवटच्या घटकेपर्यंत ठेवायचा, तुला घाम फोडायचा आणि मग जाऊन सही करायची. एवढाच माझा डाव होता. तुझ्यासमोर लढायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं.

भावजय: आणि आता?

नणंद: आता तुला माझी जागा हवी आहे. माझी म्हणून हवी आहे. आजवर कुणाला वाटलंच नव्हतं, की मला जागा आहे. ती तुला अशी कागदावर सही करून कशी देऊ? लढून घे. उद्यापासून मी तुझ्यासमोर उभी आहे. तुझा पर्याय म्हणून नाही.

भावजय: आपली मतं फुटतील. दोघीही पडू.

नणंद: पडू कदाचित.

भावजय: पक्ष तुम्हाला काढून टाकेल.

नणंद: टाकू दे. मग त्यांना पाण्याच्या बाटल्या कोण मोजून देतंय, ते बघायला मी येणार आहे.

भावजय: तुम्हाला राग आलाय का, माझ्या त्या फोनचा?

नणंद: आलाय. खूप आलाय. पुढची कितीतरी वर्षं येत राहील. तू पालथा ठेवलेला तो फोन मला स्वयंपाकघरात, जिन्यात, सगळीकडे दिसत राहील. पण तू माझं काही हिसकावून घेतलंस, म्हणजे माझ्याजवळ ते होतं. हेही खरंच ना?

भाऊ: (दार ढकलून आत येत) ताई, वाजले तीन! अगं, तिथे शिपायानं दार लोटलं असेल आता. काय चाललंय काय तुमचं? अध्यक्षांना काय सांगू?

नणंद: सांग की ताई आली नाही.

भाऊ: आली नाही म्हणजे? मग तू... मग हिच्यासमोर... अरे देवा. मी आता प्रचार कुणाचा करू?

भावजय: माझा. तू माझा नवरा आहेस.

नणंद: हो, तिचाच कर. आणि जोरात कर, नाहीतर लोक म्हणतील आतून बहिणीला सामील आहे. माझं मी बघते.

भाऊ: आणि घरी? जेवायचं कसं? एका टेबलावर दोन पक्ष?

नणंद: मी पक्षात कुठे आहे आता? अपक्षाला कुठेही बसता येतं. जा, गाडी वळवून घे. हिची पाचला सभा आहे. (भावजयीला) माइक ओठांजवळ धर आज. मी समोर उभी आहे म्हणून काय झालं, तू फिकं बोललीस तर मला जिंकण्यात गोडी नाही.

भावजय: ताई, घरी गेल्या गेल्या मुलगी विचारणार. तोवर फोनवर आलेलंच असेल सगळं. तिला मी सांगू, की तुम्ही सांगता?

नणंद: तू सांग. मी आज दुकान जरा उशिरा बंद करीन.